दानाचें सातत्य

(आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भिवंडी येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें गत वर्षांचा आढावा घ्यावा, ज्या वडीलधाऱ्यांनीं हें मंदिर उभारलें त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करावें व सर्वांस आशीर्वाद देऊन खालीं बसावें, अशी रीत आहे. तें कर्तव्य आज सकाळच्या मिस्साबलिदानाच्या वेळीं पार पडलें. या सायंकाळच्या सभेंत आम्ही एका निराळ्याच विषयाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. विषय पैशाचा आहे. परंतु आपल्या मंदिराच्या पैशाचा नव्हे. या भिवंडी शहरांत व तालुक्यांत गोरगरिबांच्या मुलांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं ज्या लहान लहान संस्था झटत आहेत, त्यांस पैसा कोठून मिळतो, कां मिळत नाहीं, आणि त्या आपल्या दारीं आल्या असतां आपण काय करावें, हा तो विषय होय.

आरंभीं आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं यंत्रमागांच्या एका वस्तींत एक लहानशी संस्था बालवर्ग चालवीत असे. एक खोली, एक फळा, तीसेक मुलें व एक शिक्षिका, एवढाच त्या वर्गाचा संसार. नाताळच्या सुमारास आपल्यांतील उदार मंडळींनीं वर्गणी जमविली आणि आम्ही चाळीस दप्तरें, तितक्याच पाण्याच्या बाटल्या व रंगांच्या पेट्या घेऊन तेथें गेलों. मुलांनीं गाणें म्हटलें, खाऊ वाटला गेला, छायाचित्रें निघालीं. निघतांना त्या शिक्षिकेनें आम्हांस दाराशीं गांठून हलक्या आवाजांत विचारिलें, "फादर, खोलीचें तीन महिन्यांचें भाडें थकलें आहे. त्याचें कांहीं होईल का?" आम्हीं उत्तर दिलें कीं, ही वर्गणी मुलांच्या वस्तूंसाठीं गोळा केलेली आहे, ती भाड्याकडे वळवितां येणार नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनें आमचें उत्तर बिनचूक होतें. पावसाळा लागण्यापूर्वींच तो वर्ग बंद पडला. शिक्षिका एका गोदामांत खोकीं बांधण्याच्या कामास लागली. पुढें एके दिवशीं त्याच गल्लींतून जात असतां एका मुलाच्या पाठीवर आम्हीं दिलेलें दप्तर आम्हांस दिसलें. आम्ही कौतुकानें तें उघडून पाहिलें, तों आंत पुस्तकें नव्हतीं. मागाच्या कांड्या भरलेल्या होत्या. मुलगा त्या कारखान्यांत पोंचविण्यास निघाला होता.

त्या दिवसापासून आम्हांस एक गोष्ट कळली, आणि आज जें कांहीं बोलावयाचें तें सर्व तिच्याच पोटांत आहे. दान देण्यास आपण चुकत नाहीं. दान टिकविण्यास चुकतों. आपणांस वस्तु द्यावयास आवडते, कारण ती डोळ्यांस दिसते. ज्या मनुष्याच्या कष्टानें त्या वस्तूस अर्थ येतो, त्या मनुष्याचें पोट कसें चालतें हें पाहण्याचें मात्र आपल्या मनांत येत नाहीं.

आपल्या शहराची स्थिति आपणांस ठाऊक आहे. तथापि तिच्याकडे या एका दृष्टीनें पुन्हां पाहावें अशी विनंति आहे. २०११ सालच्या शिरगणतींत येथील वस्ति सात लक्षांवर भरली. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, ओरिसा अशा दूरदूरच्या मुलुखांतून आलेले मजूर येथें मागावर बारा बारा तास उभे राहतात व विणलेल्या कापडाच्या मापानें मजुरी घेतात. एकटे आलेले पुरुष बिसीवर जेवतात व एकाच खोलींत पाळीपाळीनें निजतात. ज्यांचीं बायकामुलें बरोबर आहेत त्यांच्या घरीं स्त्रिया कांड्या भरतात, कापडाचे लोंबते धागे कातरतात, आणि हाताशीं म्हणून मुलांस बसवितात. मूल शाळेंतून कां गळतें, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर आळस हें नव्हे. घरीं एक भाषा, गल्लींत दुसरी, शाळेंत तिसरी. वर्षांतून दोन महिने गांवीं जाणें. परत आल्यावर वर्ग पुढें गेलेला. आणि धाकटें भावंडें सांभाळावयास घरीं दुसरें कोणी नाहीं, हें त्याचें उत्तर आहे.

त्यांत धंद्यावर एकामागून एक आघात झाले. नोव्हेंबर २०१६ मध्यें मोठ्या नोटा रद्द झाल्या, २०१७ सालीं नवी करपद्धति आली, आणि कित्येक लहान मालकांनीं आपले माग भंगाराच्या भावानें विकले. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी होऊन मागांचा खडखडाट एकाएकीं थांबला. ती शांतता ज्यांनीं ऐकिली ते तिला विसरणार नाहींत. नाशिकच्या महामार्गावरून डोक्यावर बोचकीं घेऊन चाललेल्या माणसांची रांग आपण पाहिली आहे. मे २०२० च्या आरंभीं श्रमिकांसाठीं सोडलेली खास गाडी भिवंडी रोड स्थानकांतून गोरखपुरास गेली, तेव्हां तींत बसावयास मिळालें यांतच लोक धन्यता मानीत होते. त्याच वर्षीं २१ सप्टेंबरच्या पहाटे जिलानी इमारत कोसळली व तीसांहून अधिक जीव ढिगाऱ्याखालीं गेले. त्यांत झोपेंतलीं लेंकरें होतीं.

शहराबाहेर पडलों तर महामार्गाच्या दोहों बाजूंस, मानकोली, काल्हेर, पूर्णे या बाजूला, गोदामांच्या रांगा लागतात. आपले तरुण तेथें ठेकेदाराच्या हाताखालीं माल चढवितात व उतरवितात. आणखी आंत गेलों कीं वीटभट्ट्या दिसतात. तेथें कातकरी व इतर आदिवासी कुटुंबें उचल घेऊन दिवाळीनंतर कामास येतात व पावसाच्या तोंडावर परत जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे; परंतु उचलीचा आंकडा फिटतां फिटत नाहीं, हेंही आपण ऐकतों. अशा भट्टीवरील मुलांची शाळा प्रत्येक हंगामांत अर्ध्यावर तुटते. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीस या भागांत भोंगा म्हणतात. १९७९ सालीं स्थापन झालेल्या 'विधायक संसद' या जुन्या ठाणें जिल्ह्यांतील संस्थेनें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भट्टीवरच मुलांसाठीं भोंगाशाळा उघडल्या. मूल शाळेकडे येत नाहीं, तर शाळेनें मुलाकडे जावें, हा त्यामागील साधा विचार होता. त्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर नेलें, तेंही अशाच विचारानें. तात्पर्य, काय करावें याचें ज्ञान आपल्या भागांत नाहीं असें नव्हे. उणीव आहे ती हें काम दरमहा चालू ठेवण्याच्या साधनांची.

आतां हीं साधनें येतात कोठून, हें पाहूं.

एके काळीं परदेशांतून पैसा येई. अंधेरीच्या संत कॅथरिन गृहांत सिस्टर आना हुबेर्ता या जर्मन भगिनी निराधार मुलींचा सांभाळ करीत; १९४२ सालीं त्यांनींच मरियेच्या सहायिकांचा संघ स्थापिला. त्या गृहांतील मुलींची हकीकत जर्मनींतील बॉन शहरीं रोझी गोलमन नांवाच्या एका धर्मशिक्षिकेच्या कानीं गेली. तिनें आपल्या विद्यार्थ्यांस ती सांगितली, त्यांनीं मदत गोळा केली, आणि १९६७ सालीं त्यांतून 'अंधेरी-हिल्फे' म्हणजे 'अंधेरी-साहाय्य' ही संस्था उभी राहिली. आपल्या एका उपनगराचें नांव परदेशांतील एका संस्थेनें असें धारण केलें. पुढें या मंडळींचें लक्ष अनाथगृहापलीकडे, खेड्यांतील कुटुंबांनीं आपल्या पायांवर उभें राहावें याकडे वळलें. कुटुंब सांवरलें तर मुलास आश्रयगृहाची वाट धरावी लागत नाहीं, हा धडा आपणही घेण्याजोगा आहे.

परंतु ती वाट आतां अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांविषयीं १९७६ सालीं कायदा झाला, २०१० सालीं त्याच्या जागीं नवा आला आणि २०२० सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. तिच्यान्वयें परदेशी देणगी दिल्लींतील स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेंतील खात्यांतच घ्यावी लागूं लागली. मोठ्या संस्थेनें तींतून लहान संस्थेस वांटा देण्याची सोय बंद झाली. आणि व्यवस्थापनावर खर्च करण्याची मर्यादा निम्म्यावरून शेंकडा वीसवर आली. या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. परिणाम एवढाच कीं, ज्या लहान संस्था मोठ्या संस्थांच्या छायेंत जगत होत्या, त्या उघड्या पडल्या.

दुसरी वाट मोठ्या कंपन्यांची. २०१३ सालच्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यांतील शेंकडा दोन इतकी रक्कम समाजकार्यास लावणें बंधनकारक केलें, व १ एप्रिल २०१४ पासून तें अमलांत आलें. ही व्यवस्था चांगली आहे. परंतु कंपनीकडून असें काम घेणाऱ्या संस्थेस निदान तीन वर्षांच्या कामाचा दाखला, सरकारी नोंदणी, प्राप्तिकराचीं प्रमाणपत्रें व विस्तृत अहवाल इतकें सर्व लागतें. जिच्या पदरीं एक शिक्षिका व एक फळा आहे, ती संस्था हें कागदपत्र करणार केव्हां आणि मुलांस शिकविणार केव्हां? शिवाय देणाऱ्यास बहुधा एक वर्षाचें, मोजतां येईल असें कांहीं दाखवावयाचें असतें. इतकीं दप्तरें वाटलीं असें लिहितां येतें. परंतु एका मुलानें काम सोडून पुन्हां शाळेची वाट धरली, यास तीन वर्षें लागतात, आणि तें लिहावयास तक्त्यांत रकाना नसतो.

म्हणून तिसरी वाट राहते. ती म्हणजे शेजारी, म्हणजे आपण.

या वाटेविषयीं आपल्याच देशांत व आपल्याच धर्मांत मोठे दाखले आहेत. गेल्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे या गृहस्थानें सर्वसामान्य माणसाकडून एक एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारिला. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठिंबा दिला आणि १९०८ सालीं त्यांतून तळेगांवचा काचकारखाना निघाला. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम स्थापिला, तेव्हां त्यांच्यामागें कोणी राजा नव्हता; वर्षानुवर्षें गांवोगांव हिंडून त्यांनीं लहान लहान वर्गण्या जमविल्या. त्याहून प्राचीन दाखला संत पौलाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठीं त्यानें ग्रीक नगरांतून निधि जमविला, त्याची हकीकत करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. तिचें बारकाईनें वाचन केल्यास तीन नियम सांपडतात. पहिला, आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें थोडें बाजूस ठेवावें, म्हणजे नियमितपणा. दुसरा, देणें खुषीचें असावें, जबरीचें नसावें. तिसरा, निधि पोंचविण्यास पौल एकटा जात नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें बरोबर घेतो, कां कीं एवढ्या रकमेविषयीं कोणास बोट दाखवावयास जागा राहूं नये. प्रेषितास हिशेबाची लाज वाटली नाहीं. मग आपल्यास कां वाटावी?

यावरून मागणाऱ्याचें कर्तव्यही निघतें. जो कोणी आपल्या दारीं येईल त्यास पुढील गोष्टी नम्रपणें विचाराव्या. आपली नोंदणी १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखालीं किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं झाली आहे का? गेल्या वर्षाचा तपासलेला हिशेब आपणांजवळ आहे का? पैसे रोख न घेतां संस्थेच्या खात्यांत घ्याल का? मुलांच्या सुरक्षिततेसाठीं कोणती दक्षता घेतां? आणि आम्ही न कळवितां एखाद्या दिवशीं वर्ग पाहण्यास आलों तर चालेल का? खरा कार्यकर्ता या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट त्यास हायसें वाटतें. मात्र एक प्रश्न विचारूं नये. "मुलांचे केविलवाणे फोटो आणा, म्हणजे लोक देतील," असें कोणासही सांगूं नये. मुलाचें दारिद्र्य ही जाहिरातीची वस्तु नव्हे. आपल्या लेंकराचें असें चित्र भिंतीवर लागलेलें आपणांस सहन होईल काय?

तसेंच, "आमचा पैसा पगारांत जाऊं नये," हें वाक्य आम्हीं स्वतः उच्चारिलेलें आहे, आणि तें आज आम्ही परत घेतों. मिस्सासाठीं वेदी लागते, तशी शाळेसाठीं शिक्षिका लागते. तिचा पगार हा कामावरचा वरखर्च नव्हे. तेंच काम आहे.

कोणी म्हणतील, "फादर, आपल्या धर्मग्रामांतही गरीब आहेत, आधीं घर, मग दार." हा आक्षेप खोटा नाहीं, व आपल्या गरिबांचा वांटा कमी करावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यंत्रमागाच्या गल्लींतील बहुतेक मुलें परधर्मीयांचीं आहेत, एवढ्यासाठीं हात आंखडता घ्यावा, असें प्रभूनें सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांत आम्हांस कोठें आढळलें नाहीं. १९७० व १९८४ सालच्या दंगलींचे व्रण या शहराच्या अंगावर आहेत. जेथें एका धर्माच्या लोकांनीं दुसऱ्याच्या मुलाचें भाडें भरलें, तेथें अफवेस आंत शिरावयास दार जरा लहान मिळतें, अशी आमची समजूत आहे.

आणखी एक. पैसे पाठविले म्हणजे सुटलों, असेंही नव्हे. १८३३ सालीं पॅरिस नगरांत फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें मित्रांसह संत विन्सेंट दि पॉलचा संघ काढिला, तेव्हां गरिबांच्या घरीं स्वतः जाणें हाच त्याचा मुख्य नियम होता. आणि तें कसें करावें, हें त्यांस सिस्टर रोझाली यांनीं शिकविलें. परमगुरुस्वामी पोप लिओ चौदावे यांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'दिलेक्सी ते' या उपदेशपत्रांतही हाच समतोल आहे. गरिबास चांगलें काम मिळवून देणें ही मोठी मदत होय, असें तें सांगतें. परंतु तें होईपर्यंत भिक्षादानाचा त्याग करूं नये, कारण देणारा हात समोरच्या माणसाच्या जवळ जातो.

असो. आतां आपल्या महोत्सवाकडे वळूं. महोत्सवनिधींतून प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारावी, अशी सूचना आली आहे. ती भक्तिभावानेंच आली आहे, व कमान सुंदर होईल यांत शंका नाहीं. परंतु जुबिली या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरूं नये. लेवीय ग्रंथांतील पन्नासावें वर्ष हें दीपोत्सवाचें वर्ष नव्हतें. त्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावयाची व ऋणापायीं दास झालेला मनुष्य आपल्या घरीं परतावयाचा. ज्या तालुक्यांत उचलीच्या आंकड्यापायीं बाप बांधला जातो व कांड्यांपायीं लेक, त्या तालुक्यांत जुबिली कशानें साजरी करावी, याचा विचार आपणच करावा.

ती शिक्षिका गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे पुन्हां आली होती. गोदामांतील काम सुटलें आहे. संध्याकाळीं आपल्या राहत्या खोलींत ती अकरा मुलांस शिकविते. त्या संस्थेचे विश्वस्तही बरोबर होते व त्यांनीं तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आमच्या पुढ्यांत ठेविले. आम्हीं, जुनी लाज मनांत धरून, काय हवें असें विचारिलें. ती म्हणाली, "फादर, दप्तरें नकोत. खोली द्या, आणि दर महिन्यास तेवढी आठवण ठेवा."

आमची सूचना अशी. एका खोलीचें भाडें व एका शिक्षिकेचें मानधन, एवढा भार आपल्या धर्मग्रामानें तीन वर्षें उचलावा. आरंभीची रक्कम महोत्सवनिधींतून द्यावी. पुढें प्रत्येक कुटुंबानें ऐपतीप्रमाणें दरमहा पाकीट द्यावें, मग तें वीस रुपयांचें कां असेना. पाकिटावर नांव घालूं नये. आपल्यांतील दोन स्त्रिया व दोन तरुण यांनीं पाळीपाळीनें वर्गास भेट द्यावी. दर सहा महिन्यांनीं जमाखर्च मिस्सानंतर सर्वांसमोर वाचावा. तीन वर्षांनीं वर्ग चालला नाहीं तर तेंही उघडपणें सांगावें. निर्णय अर्थसमितीचा व आपला आहे. आम्ही आज्ञा करीत नाहीं. आमचें पहिलें पाकीट मात्र आज सकाळींच पेटींत पडलें आहे, आणि आम्ही येथें असूं तोंवर तें दरमहा पडत राहील.

कमान पुढेंही बांधतां येईल. दगड थांबूं शकतो. सहा वर्षांचें मूल थांबूं शकत नाहीं. तीन वर्षांत तें नऊ वर्षांचें होतें, आणि त्याच्या पाठीवरच्या दप्तरांत काय असावें, हें तोंवर ठरून गेलेलें असतें.

परमेश्वर आपणां सर्वांचें, व या शहरांतील सर्व कुटुंबांचें, कल्याण करो.